एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.२, तरी विसरभोळेपणा वाढतोय. आधी काय तपासावं?

प्रश्न:
आईचं वय ७४, टाइप २ मधुमेह. ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ, मेटफॉर्मिन १ ग्रॅम दिवसातून दोनदा, शिवाय रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर. हल्ली गोळी घेतली की नाही तेच आठवत नाही, जेवणाआधी चिडचिड होते, कशातच रस नाही. थरथर, धडधड मात्र होत नाही, म्हणजे साखर उतरत नसावी ना?

प्रतिसाद १:
तसं धरून चालू नका. बीटा ब्लॉकर थरथर आणि धडधड झाकतो. घाम मात्र येतो, तो बघा. ग्लिमेपिराइड साखर गरजेपेक्षा खाली नेऊ शकते, म्हणून या वयात त्यावर ६.२ ही काळजीची गोष्ट आहे. एचबीए१सी म्हणजे सरासरी, त्यात अधूनमधून उतरणारी साखर दिसत नाही. आठवडाभर जेवणाआधी, पहाटे ३ ला आणि चिडचिड सुरू होताच ग्लुकोमीटरवर मोजा. आकड्याशेजारी गोळीची आणि शेवटच्या खाण्याची वेळ लिहा.

साखर ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली आली तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, मग खायला द्या. ग्लिमेपिराइडचा असर बराच वेळ राहतो, त्यामुळे साखर परत उतरू शकते. पुढचे काही तास मोजत राहा. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालय गाठा.

खरा धोका दुष्टचक्राचा आहे: विसरून दुसरी गोळी घेतली जाते, साखर उतरते, त्यानं विसरणं आणखी वाढतं. गोळ्या आजपासून दुसऱ्या कुणीतरी हातात द्याव्यात. क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) तपासा, मूत्रपिंड मंदावलं की ग्लिमेपिराइडचा असर लांबतो. डोस कमी करायचा की गोळी बदलायची, हे नोंदी दाखवून डॉक्टरांशी ठरवा.

प्रतिसाद २:
विसरभोळेपणासाठी बी१२ (जीवनसत्त्व) आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) लगेच करा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर बी१२ घटू शकतं, हिमोग्लोबिन ठीक असतानाही. पायाला मुंग्या आल्या की सगळे मधुमेहावर ढकलतात आणि हे राहून जातं. मेटफॉर्मिन मात्र परस्पर बंद करू नका.

प्रतिसाद ३:
‘कशातच रस नाही’ हे दोन आठवडे जवळजवळ रोज असेल तर पीएचक्यू-९ (नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) भरून घ्या. १० किंवा जास्त गुण आले तर नैराश्यासाठी डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा झाल्याचं बोलत असतील तर गुण मोजत बसू नका, त्याच दिवशी न्या. वैताग फक्त पथ्य, सुया आणि गोळ्यांचा असेल तर तो वेगळा. तिथे औषधयोजना सुटसुटीत करणं जास्त उपयोगी पडतं.

स्मृतीची चाचणी साखर आणि बी१२ मार्गी लागल्यावर करा, आणि सुरू करण्याआधी साखर मोजा. उतरलेल्या साखरेत काढलेले गुण ग्राह्य धरू नका.