तळ्यातल्या हिरव्या सायीवर जिवाणूंची पावडर: उपयोग किती?

गाळमोजणी: तळ्याच्या पाण्यावर शेवाळाची हिरवी साय धरली की पहिला सल्ला येतो, ‘कल्चर टाका’, म्हणजे जिवाणूंची पावडर. मी विरोधात आहे. आधी हिशेब बघा. एक हेक्टर, दोन मीटर खोल तळं म्हणजे 20,000 घनमीटर पाणी. ग्रॅमला 100 कोटी जिवाणू असलेली पावडर पाच किलो टाकलीत, तर मिलिलिटरमागे पडले 250. तळ्यात आधीपासून साधारण 10 लाख नांदत असतात, शिवाय या नव्यांना गट्ट करणारे प्रोटोझोआ, म्हणजे एकपेशी जीव. नव्यांचीही संख्या 10 लाखांवर न्यायची तर पावडर 20 टन लागेल!

सूक्ष्मदर्शी: हिशेब बरोबर, निष्कर्ष घाईचा. सगळं तळं भरायचं कशाला? शेवानेला आयआरआय-160 हा जिवाणू घ्या. त्याचं कल्चर गाळून उरलेला द्रवसुद्धा डायनोफ्लॅजेलेट (एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ) मारतो, जिवंत पेशी लागतच नाहीत. शिवाय जिवाणू अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळापासूनच्या जेलच्या) मण्यांत कोंडून जाळीच्या पिशवीत टांगता येतात. काम झालं की पिशवी उचला.

गाळमोजणी: डायनोफ्लॅजेलेटचा त्रास मुख्यतः समुद्र-खाडीत. गोड्या पाण्यात गाठ मायक्रोसिस्टिस या विषारी निळ्या-हिरव्या शेवाळाशी आहे. त्याची पेशी फुटली की आतलं विष, मायक्रोसिस्टिन, पाण्यात उतरतं. अख्खी पेशी वाळूच्या फिल्टरात बरीचशी अडकते, विरघळलेलं मायक्रोसिस्टिन आरपार जातं. पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर या त्याच्या प्रकारासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला 1 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे साय गेली, पाणी नितळ दिसलं, आणि धोका वाढला.

ओढाकाठ: वाहत्या पाण्यात तर विषयच संपला. पाणी दिवसभरात बदलत असेल तर जिवाणू रुजायच्या आत वाहून जातात.

नत्रवाला: ‘जिवाणू नत्र वायू करून उडवतात, मग शेवाळ उपाशी मरतं’ हेही अर्धवट आहे. स्फुरद (फॉस्फरस) हवेत उडत नाही. नत्र घटला की हवेतून नत्र घेणाऱ्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं फावतं. कॅनडातल्या लेक 227 या प्रयोगाच्या तळ्यात 1990 पासून नत्र घालणं बंद केलं, स्फुरद चालू ठेवलं. असं शेवाळ उन्हाळ्यात येतच राहिलं.

सूक्ष्मदर्शी: विषाचा मुद्दा मान्य. म्हणून साय दाट असताना टाकूच नये, वाढ सुरू व्हायच्या आधी टाकावं. पावडरीतले बॅसिलस जिवाणूचे बीजाणू (सुप्त रूप) तळ्याच्याच पाण्यात काही तास भिजवा. क्लोरीनच्या नळाच्या पाण्यात भिजवलेत तर कल्चर तिथेच मार खातं. त्याच आठवड्यात मोरचूद नको. आणि एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) आधी, पावडर नंतर. एक ग्रॅम सेंद्रिय कार्बन कुजायला जवळपास 2.7 ग्रॅम ऑक्सिजन जातो. ऑक्सिजनचं मोजमाप पहाटे, तळाशी करा. दुपारी मीटर छान आकडा दाखवतो, कारण शेवाळच ऑक्सिजन सोडत असतं; मासे मरतात ते पहाटे. एरेटरचा आणखी एक फायदा: तळाचा ऑक्सिजन संपला की गाळात लोहाला धरून बसलेलं स्फुरद सुटतं, ते टळतं.

गाळमोजणी: म्हणजे निम्मं काम एरेटरचं आणि श्रेय डब्याला. मग डब्यावर ‘गाळ कुजवतो’ एवढंच छापा की, ‘शेवाळ मारतो’ कशाला?

सूक्ष्मदर्शी: लेबलाबद्दल वाद नाही. मण्यांवरचा हक्क मात्र सोडत नाही.