ओरिएंटेशन, वैद्यकीय तपासणी आणि खसखस

कोरियात इंग्रजी शिकवायला जाणाऱ्यांना 'सरकारी शाळांचं ओरिएंटेशन म्हणजे नुसती भाषणं' असं कुणीतरी सांगतं, ते अर्धंच पटतं. 'एपिक' म्हणजे परदेशी इंग्रजी शिक्षकांना तिथल्या सरकारी शाळांत नेमणारा कोरियन सरकारचा कार्यक्रम; त्याच्या ओरिएंटेशनमध्ये गटागटाने नमुना पाठ घ्यावा लागतो, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. कारण वेळ जेमतेम दहा-पंधरा मिनिटं आणि शिक्षकच जास्त बोलत राहतो. एकच वाक्यरचना घ्या, सूचना चार-पाच शब्दांत द्या, उरलेला वेळ मुलांना बोलू द्या. सोबतचा कोरियन शिक्षक कुठे काय करेल हेही आराखड्यात लिहा.

सहसा कुणी न सांगितलेली गोष्ट म्हणजे कोरियात गेल्यावर होणारी वैद्यकीय तपासणी. त्यात अमली पदार्थांचीही चाचणी असते, अफूवर्गीय द्रव्यांसकट. खसखस अफूच्याच बोंडातली, त्यामुळे ती खाल्ली तर लघवीच्या चाचणीत अफूचा अंश दिसू शकतो. सोलापूरहून निघताना आई डब्यात अनारसे किंवा खसखस घातलेला मसाला देतेच. तपासणी होईपर्यंत ते कृपा करून टाळा. शेंगाचटणीला मात्र ही भीती नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही नेऊ नका, तिथे त्यावर कडक निर्बंध आहेत. नेहमीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा आणि लघवीचा नमुना देण्याआधीच दाखवा.