शाळेतली टोपी: सक्ती की बंदी? तुमचे अनुभव लिहा

माळावरचा
काल लेकाच्या वर्गाच्या ग्रुपवर बाईंचा निरोप आला: वर्गात कॅप घालून बसू नये, दिसल्यास जप्त होईल. लेक सातवीत. सलूनवाल्यानं एका बाजूला जरा जास्तच मशीन फिरवलंय, म्हणून बिचारा कॅप सोडत नाही. मला हसूच आवरेना. १९८६ साली आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी टोपी नाही म्हणून छडी खाल्लीय! पांढरा सदरा, खाकी चड्डी, पांढरी गांधी टोपी. बोडक्या डोक्यानं वर्गात शिरायचं नाही. टोपी एकच. शुक्रवारी रात्री आईनं धुतली, शनिवारी सकाळची शाळा, वाळणार कधी? ओलीच घातली. प्रार्थनेला नीळ कानामागून ओघळायला लागली, म्हणून वर्गात खिडकीत वाळत टाकली. गुरुजी तपासणीला आले तोवर वाऱ्यानं टोपी बाभळीवर. "टोपी कुठाय रे?" मी बोटानं झाड दाखवलं. त्याच्या दोन जास्तीच्या बसल्या.
तुमच्याकडे काय होतं? लिहा.

चकोट
मे महिन्यात मुंज, जूनमध्ये शाळा. पुढचं सांगायला नको. टोपी घातली तर सर काढायला लावायचे, काढली की मागच्या बाकावरून टपली. शेंडी ओढणारा आता माझा व्याही आहे.

पुरणपोळी_विथ_दूध
@चकोट व्याही!! 😂 हा वेगळा धागा काढा.

शेंगाचटणी
सोलापूरकर हजर. आमचे आजोबा सांगायचे, १९३० ला इथं मार्शल लॉ लागला तेव्हा गांधी टोपी डोक्यावर दिसली की शिपाई उतरवायला लावायचे, वर मार. धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. आजोबांनी मरेपर्यंत टोपी सोडली नाही. आणि मी? शाळा सुटली की तिच्यात बोरं भरायचो. एकदा पाहिलं त्यांनी. काही बोलले नाहीत, बोरं ओतून घेतली, टोपी झटकून परत माझ्या डोक्यावर ठेवली.

खडूची_धूळ
मी शिक्षिका आहे, आठवी-नववी. वर्गात कॅप नको याच मताची. डोळे दिसत नाहीत, आत इयरफोन असतात, आणि एकाला दिली की मग सगळ्यांना. पण एकदा सुट्टीनंतर आलेल्या मुलाला सगळ्यांसमोर म्हटलं, आधी ती टोपी काढ. काढली त्यानं. डोकं तासलेलं. वडील जाऊन पंधरा दिवस झाले होते, मला कुणी सांगितलंच नव्हतं. तो काही न बोलता खाली बसला. आता आधी जवळ जाऊन हळूच विचारते.

पुरणपोळी_विथ_दूध
ताई 🙏 तुम्हाला कसं कळणार होतं. पण वाचून पोटात तुटलं.

द्राक्षबाग
निफाड. थंडीत पारा घसरला की अख्खा वर्ग माकडटोपीत. नुसते डोळे. हजेरीला कोण ओरडलं ते सरांना कळायचं नाही, मी शेजारच्याचीही "हजर सर" लावायचो. मास्तरांनाच टोपी घातली म्हणा ना. यंदा बागेला रात्री शेकोट्या कराव्या लागल्या, कुणाचं थंडीनं नुकसान झालंय का इकडं?

यारा_नदीकाठ
मेलबर्नहून. इथं उलटी गंमत. 'नो हॅट, नो प्ले'! रुंद काठाची टोपी नसेल तर मधल्या सुट्टीत मैदानात जाता येत नाही, सावलीत बसायचं. यूव्ही, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा आकडा, ३ किंवा त्याच्या वर गेला की टोपी, वर्गात आलं की उतरवायची. इकडचं ऊन कातडी जाळतं, त्वचेच्या कर्करोगाची भीती आहे, म्हणून. माझी पोरगी वर्षात चार टोप्या हरवते. नाव घालून शिवलं तरी.

संत्री_बर्फी
आमच्या नागपुराकडे टोपीचं काय घेऊन बसले जी. मार्च-एप्रिलात डोक्याले दुपट्टा अन् खिशात कांदा. वर्गात कांद्याचा वास सुटे, पण त्यानं लू लागत नाही असा समज, म्हणून मास्तर काही बोलत नसत. त्यांच्याही खिशात राहे.

गोदाकाठ
नांदेडला आमच्या वर्गात पटकेवाले तिघे शीख होते, त्यांना कुणी कधी विचारलं नाही, विचारायचं कारणही नव्हतं. आमच्या क्रिकेटच्या कॅपा मात्र सरांच्या कपाटात. वर्षाच्या शेवटी परत मिळायच्या, तोवर डोकं मोठं झालेलं.

द्राक्षबाग
@संत्री_बर्फी कांद्याला भाव नाही, खिशातच ठेवा आता 😄

शेंगाचटणी
कुणाला आठवतंय, टोपीला खळ घालून इस्त्री कशी करायचे? तांब्यात निखारे भरून. नाहीतर घडी घालून गादीखाली. सकाळी कडक.

माळावरचा
गादीखालीच! धाकटा भाऊ रात्री गादी ओली करायचा तो भाग वेगळा.
ताजी बातमी: कॅप जप्त झाली. पालकांनी येऊन न्यावी म्हणे. सोमवारी जातोय.

चकोट
गांधी टोपी घालून जा.

खडूची_धूळ
नका हो, बाईंना धर्मसंकट. 😀 आणि पोराला सलूनला परत न्या, दुसरी बाजूही बारीक करून मिळते.

पुरणपोळी_विथ_दूध
@शेंगाचटणी तो तांब्या पितळेचाच लागतो का? आजीचा एक माळ्यावर पडलाय, कल्हई उडालेली.