मेसामध्ये 0.075 सौरवस्तुमानाचा तारा विझतो, चुकतंय कुठे?

रात्रपाळी: मेसामध्ये (ताऱ्यांची उत्क्रांती मोजणारा संगणक-प्रोग्रॅम) 0.075 सौरवस्तुमान, सूर्यासारखी धातुता (हीलियमहून जड मूलद्रव्यांचं प्रमाण), 10 अब्ज वर्षांचा रन. हायड्रोजन पेटतो, पण अणुऊर्जा आणि एकूण तेजस्विता यांचं गुणोत्तर 1 पर्यंत पोचत नाही. मग केंद्राचं तापमान उतरायला लागतं आणि शेवटी तपकिरी बटू, म्हणजे हायड्रोजन टिकवून जाळू न शकणारा फसलेला तारा. बराफ आणि सहकाऱ्यांच्या 2015 च्या तक्त्यांत हाच स्थिर तारा आहे. वातावरणाला एडिंग्टनचा टी-टाऊ (तापमान आणि प्रकाशीय खोली 'टाऊ' यांना जोडणारं साधं सूत्र), अणुअभिक्रियांचं नेटवर्क 'बेसिक'. मिक्सिंग लेंग्थ (कन्व्हेक्शनमध्ये वायू मिसळण्याआधी किती अंतर जातो तो आकडा) 1.6 ची 2 केली, ढिम्म फरक नाही.

टाऊशंभर: मिक्सिंग लेंग्थ सोडा. एवढ्या दाट वस्तूत कन्व्हेक्शन (वायूच्या उसळण्याने उष्णता वाहणं) जवळजवळ अडियाबॅटिकच असतं, वर चढणारा वायू वाटेत उष्णता गमावत नाही, त्यामुळे तो आकडा फिरवून हाती काही लागत नाही. दुखणं टी-टाऊचं आहे. 2,000-3,000 केल्विनला पाणी, टायटॅनियम ऑक्साइड यांचे पट्टे ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश अडवतात, आणि कन्व्हेक्शन टाऊ 1 च्याही वर, पारदर्शक थरांत चढतं. टी-टाऊचं करडं (सगळ्या तरंगलांबी सारख्याच मानणारं) वातावरण यातलं काहीच धरत नाही. त्याच वस्तुमानाला पृष्ठतापमान जास्त येतं, तारा ऊर्जा भराभर उधळतो आणि ज्वलनाची सीमा, म्हणजे हायड्रोजन टिकून जळायला लागणारं किमान वस्तुमान, वर सरकते. नीट वातावरण जोडलं तर ती सूर्याच्या धातुतेला 0.072 च्या आसपास बसते. तुमचा 0.075 काठावरचाच, त्यामुळे एवढ्या फरकानेही पडतो.

वातावरण 'टेबल' करा आणि तक्ता टाऊ-100 चा घ्या. त्या खोलीवर कन्व्हेक्शन पक्कं झालेलं असतं, म्हणून वातावरण आणि आतलं मॉडेल यांचा सांधा तिथेच द्यावा. जुनं मॉडेल उचलून पुढे चालवू नका, प्री-मेन-सीक्वेन्सपासून (हायड्रोजन पेटण्याआधीचा आकसण्याचा टप्पा) नवा रन.

जडपाणी: भर घालतो. 'बेसिक' नेटवर्कमध्ये ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) वेगळं धरलेलंच नाही. 10 अब्ज वर्षांच्या निकालाला त्याने फारसा धक्का लागत नाही, पण पहिल्या काही दशलक्ष वर्षांची त्रिज्या चुकते. पीपी-एक्स्ट्राज हे नेटवर्क घ्या, ड्यूटेरियमचा वस्तुमानांश 2 × 10⁻⁵ च्या आसपास द्या आणि सुरुवातीचं केंद्रतापमान 10 लाख केल्विनच्या खाली ठेवा, नाहीतर रन सुरू होतानाच ते पेटलेलं असतं.

हीलियमही ताडून बघा. बराफ यांच्या तक्त्यांपेक्षा तुमचं कमी असेल तर सीमा आणखी वर जाते. धातू कमी असले तरी तेच. शिव कुमार यांनी 1963 मध्येच सूर्यासारख्या मिश्रणाला 0.07 आणि कमी धातूंच्या मिश्रणाला 0.09 काढलं होतं. त्या काळच्या गणनयंत्रांवर!

रात्रपाळी: तक्ता लावला, आता गुणोत्तर 1 ला टेकतं. पण 0.06 चा रन घेतला तर थंड होताना पृष्ठतापमानाच्या रेषेत मध्येच पायरी येते. टाइमस्टेप निम्मा केला, पायरी तिथेच.

टाऊशंभर: टाइमस्टेपने हलत नाही म्हणजे संख्यात्मक गोंधळ नाही. लावलेला तक्ता फोटोस्फिअरचा (ताऱ्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागाचा) नाही ना? तो थंड बाजूला लवकर संपतो. तक्त्याबाहेर पडल्यावर टी-टाऊवर जायचा पर्याय चालू असेल तर मेसा गुपचूप करड्या वातावरणाकडे वळतं, आणि पायरी तीच. तो पर्याय रिकामा ठेवा. रन थांबेल, पण नेमका कुठे बाहेर पडला ते तरी कळेल. लॉग जी (पृष्ठावरच्या गुरुत्वाचा लॉगरिदम) सुद्धा बघा, म्हातारा बटू 5 च्या वर असतो आणि तक्त्याची कड त्या बाजूलाही येते.

रात्रपाळी: फोटोस्फिअरचाच होता. टाऊ-100 लावल्यावर रेष सरळ.