मदत हवी आहे : राज्यातच बनलेल्या मालाला केंद्राचा कायदा लागू होतो का?

एलएलएमच्या प्रबंधासाठी अमेरिकेतल्या मोंटाना राज्याचा 2009 चा कायदा वाचतेय. राज्यातच बनलेली, तिथेच राहणारी, धातूच्या मुख्य भागावर 'मेड इन मोंटाना' असा ठसा असलेली बंदूक केंद्राच्या नियमांतून मोकळी, असं तो म्हणतो. 2013 मध्ये नवव्या सर्किट कोर्टाने (तिथलं केंद्रीय अपील कोर्ट) या कायद्याच्या आधारे केलेला दावा फेटाळला. राइच खटल्यातला (2005) न्याय लावला : घरी पिकवलेल्या, राज्याबाहेर न जाणाऱ्या गांजालाही केंद्राचा कायदा लागू होतो. इथवर समजलं. पण कॅन्सस राज्यात तशाच कायद्यावर विसंबून सायलेन्सर (बंदुकीचा आवाज दाबणारी नळी) घेणारा माणूस केंद्रीय कोर्टात दोषी ठरला, हे फार खटकतं. राज्यानेच लेखी हमी दिली होती ना! आपल्याकडे समवर्ती सूचीतल्या (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा) विषयांना संविधानाच्या कलम 254(2) ची वाट आहे : राष्ट्रपतींची संमती मिळाली तर केंद्राच्या कायद्याशी विसंगत असलेला राज्याचा कायदाही त्या राज्यात चालतो. तिथल्या राज्यांना असं काही आहे का? आणि असा विसंबलेला माणूस सुटल्याचा एखादा निकाल कुणाला माहीत आहे का?