रोवळी, भरती, टायर, मामेभाऊ
दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलाच, असा सल्ला अजूनही दिला जातो. ते आता जुनं झालं. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनेच २०१७ मध्ये सांगितलं की, फुटल्याची शंका नसेल तर उगाच बदलायला लावू नका. माणसं शेवटचा आकडा तेवढा वाढवतात.

गुहागरला आमच्या बाबांचं हापूस१, हापूस२ करत हापूस९ पर्यंत गेलं, तेही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेलं. आंब्याच्या पेट्या न्यायला आलेला टेम्पोवालाही वाचेल! शेवटी नव्या पासवर्डसाठी शब्दकोश डोळे मिटून चारदा उघडला, बोट पडेल तो शब्द घेतला. रोवळी-भरती-टायर-मामेभाऊ असं काहीतरी (हा खरा नव्हे हो). रोमन लिपीत टाइप करतात. भरतीला टायरवर बसून रोवळी घेऊन निघालेला मामेभाऊ, असं काहीसं चित्र मनात धरलंय, ते बाबा अजून विसरले नाहीत.