तारखेऐवजी तिथी धरा
बेकरीत कोणत्या दिवशी किती माल भाजायचा याचा अंदाज बांधताना मागच्या वर्षी त्याच तारखेला किती माल खपला ते घ्यायचं आणि पावसाचा आकडा जोडायचा, ही पद्धत नाताळला चालेल. आपल्या बाकीच्या बहुतेक सणांना ती चालत नाही. गणेश चतुर्थी 2023 मध्ये 19 सप्टेंबरला होती, 2024 मध्ये 7 सप्टेंबरला आणि 2025 मध्ये 27 ऑगस्टला. त्यात 2023 ला अधिक श्रावण आल्यामुळे श्रावण दोन महिन्यांचा झाला. अंड्याचा केक आणि एगलेसचं गणित तेवढ्यापुरतं वेगळंच. रमजान तर दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. म्हणून अंदाजाच्या तक्त्यात 'सण आहे की नाही' एवढंच न लिहिता 'सणाला किती दिवस उरले' हा रकाना ठेवा. नानकटाईची मागणी दिवाळीच्या आधी चढते, पाडव्याला नाही.

पावसाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. पडलेला पाऊस वापरू नका, कणीक मळायच्या वेळी हाताशी असलेला हवामान अंदाज वापरा. पाव पहाटे भट्टीत जातो. दुपारी किती मिलिमीटर झाला हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसतं.

आणि विक्री म्हणजे मागणी नव्हे! पाव सकाळी नऊलाच संपला असेल तर नोंदीत फक्त भाजलेला माल दिसतो, रिकाम्या हाती परतलेलं गिऱ्हाईक दिसत नाही. माल कधी संपला ती वेळ रोज लिहा. माझ्या मते पावसाच्या आकड्याहून ती जास्त मोलाची आहे.